सुट्या भागांचा प्रश्न

मराठीत ‘दुरुस्ती’ आणि ‘सुधारणा’ हे दोन शब्द आपण बरेचदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु नीतीच्या दृष्टीने त्यांच्यातले अंतर मोठे आहे. दुरुस्ती करणाऱ्यापुढे वस्तूची पूर्वस्थिती असते. घड्याळ बंद पडले होते, ते चालू झाले की त्याचे काम संपले. सुधारणा करणाऱ्यापुढे अशी पूर्वस्थिती नसते. वस्तू कधीच नव्हती तशी ती करायची असते, आणि कशी करायची याचे माप वस्तूत सापडत नाही. ते बाहेरून आणावे लागते. हे माप कोठून आणावे, त्यापायी वस्तूतले काय काय काढून टाकावे, आणि बहुतेक सगळे काढून झाल्यावर हाती उरते त्याला जुन्याच नावाने हाक मारणे खरेपणाचे आहे काय, हे प्रश्न समाजसुधारणेच्या संदर्भात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चर्चिले गेले आहेत. मला ते येथे एका लहानशा वस्तूच्या निमित्ताने मांडायचे आहेत. ती वस्तू म्हणजे एक स्वस्त इलेक्ट्रिक गिटार. आपल्यापैकी बहुतेकांच्या दिवाणखान्यात तंबोरा किंवा पेटी असते आणि गिटार असलीच तर ती नातवंडांच्या खोलीत असते. तेव्हा तिच्याविषयी थोडे तपशिलाने लिहावे लागेल.

इंदुरात आमच्या शेजारी एक कुटुंब राहते. मुलगा दहावी उत्तीर्ण झाला तेव्हा वडिलांनी बोनसच्या पैशांतून त्याला सहा हजारांची गिटार आणून दिली. पुढच्या तीन वर्षांत त्या मुलाने घरच्या घरी तिचा एकेक भाग बदलला. आधी तारा आवळण्याच्या खुंट्या, मग आतली वायरिंग, मग तारांचा नाद पकडणारे पिकअप, मग घोडी आणि अगदी शेवटी दांडी. काढलेला प्रत्येक भाग तो बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात नीट ठेवीत गेला. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असता वडील म्हणाले, “काका, मी आणलेली गिटार यात नेमकी कुठे आहे, ते तुम्ही तरी सांगा.” स्वर थट्टेचा होता, पण मुलगा एकदम गप्प झाला. प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही हे त्याला माझ्याआधी कळले असावे.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी गिटार स्वस्त असते म्हणजे काय असते, ते पाहिले पाहिजे. सामान्य समजूत अशी की, स्वस्त वाद्याचे लाकूड हलके आणि म्हणून नाद हलका. यात थोडे तथ्य आहे, पण फार नाही. आजकाल लाकूड यंत्रावर कापले जाते आणि यंत्र स्वस्त गिटारीचे खोडही बऱ्यापैकी अचूक कापते. स्वस्त वाद्यातून वगळलेला असतो तो मुख्यतः माणसाचा वेळ. धातूचे पडदे दांडीत ठोकून झाल्यावर त्यांची डोकी एका पातळीत आणायची, कडा कानशीने गोल करायच्या, दांडीच्या वरच्या टोकाला असलेल्या ‘नट’ नावाच्या पट्टीत सहा तारांसाठी सहा खाचा योग्य खोलीच्या करायच्या, घोडीवरची प्रत्येक तार पुढेमागे सरकवून सुरात आणायची, ही कामे यंत्राला सहज उरकत नाहीत. त्यांना हात लागतो, कान लागतो आणि घटका-दोन घटका निवांतपणा लागतो. किंमत कमी ठेवायची तर हाच वेळ कापला जातो. कारखान्यातल्या कारागिराला ते येत नसते असे नव्हे. त्याला तेवढा वेळ दिलेला नसतो.

म्हणजे घरी बसून गिटार सुधारणारा मुलगा बव्हंशी काय करतो? जे श्रम त्या वस्तूला मिळायला हवे होते आणि मिळाले नाहीत, ते तो उशिरा देतो. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दांडीचे लाकूड आकसते, धातूचे पडदे आकसत नाहीत, आणि त्यांची टोके कडेने बाहेर येऊन बोटांना ओरखडे काढतात. या मुलाने पहिल्याच मे महिन्यात बारीक कानशीने ती टोके घासून काढली. नंतर दांडीच्या पोटात असलेली लोखंडी सळई ॲलन कीने थोडी आवळून दांडीचा बाक कमी केला. साधारण प्रतीच्या सहा तारा मिळून त्या दांडीला चाळीस किलोच्या आसपास ओढ देत असतात. त्या ओढीला उत्तर देणारी ही सळई. मग त्याने घोडीपाशी तारांची उंची कमी केली. शेवटी बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तीच तार तेथेच दाबून निघणारा स्वर यांची तो तासन्‌तास तुलना करीत बसला. दाबलेला स्वर चढा निघाला तर घोडीवरचा आधार मागे घ्यायचा, उतरता निघाला तर पुढे आणायचा. या सगळ्याला खर्च आला तो एका कानशीचा. आणि गिटार जी सुधारली ती मुख्यतः याच आठवड्यात सुधारली. नंतर विकत आणलेल्या कोणत्याही भागाने एवढा फरक पडला नाही, हे तो मुलगा स्वतःच सांगतो. मला यात मोठा अर्थ दिसतो. या आठवड्यात त्याने वस्तूवर बाहेरचे माप लादले नाही. तिच्या बेतातच असलेले, पण कोणी पुरे न केलेले, तेवढेच त्याने पुरे केले.

पुढचा प्रवास वेगळा आहे. इलेक्ट्रिक गिटारीचे खोड भरीव असते; त्यात तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी पोकळी नसते. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. परंतु ते वेढे तारेबरोबर घरातल्या विजेचेही ऐकतात, आणि नळीबत्ती, पंखा, फ्रीज यांची पन्नास हर्ट्‌झची घरघर गाण्यात मिसळते. मुलाने आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती भूतारेशी जोडली, जुने पिकअप काढले आणि दोन उलट वेढ्यांनी घरघर आपसात खोडून काढणारे नवे बसवले. हे दुहेरी पिकअप सहसा रुंद असतात व त्यांच्यासाठी खोड कोरावे लागते. त्याने मुद्दाम जुन्याच खाचेत मावणारे शोधून आणले. विचारले तेव्हा म्हणाला, “काका, लाकूड कोरलं की परत भरता येत नाही.” जुन्या चित्रांचे आणि वास्तूंचे जतन करणाऱ्या तज्ज्ञांचाही हाच दंडक आहे: हात लावायचाच तर असा लावा की, उद्या कोणाला तो मागे घेता यावा. तो दंडक या मुलाला कोणी शिकवला नव्हता.

दांडी मात्र त्याने निव्वळ हौसेपायी बदलली. जुनीला एकवीस पडदे होते, त्याला बावीस हवे होते. जुन्या दांडीत दोष काही नव्हता. किंबहुना तिच्यावरच त्याने सर्वांत अधिक मेहनत घेतली होती. हा बदल मला अजूनही पटलेला नाही. गरज आणि हौस यांच्यातली रेघ बाहेरून ओढणे अवघड असते हे खरे, पण ज्याला आपण स्वतःच्या हातांनी चांगले केले, ते एका जादा पडद्यासाठी उतरवून ठेवताना हात थोडा अडखळायला हवा होता असे वाटते.

दांडी इतक्या सहजी उतरवता येते याचे श्रेय लिओ फेंडर यांना आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पूर्वी दांडी खोडाला सरसाने जोडीत. फेंडरने १९५० च्या सुमारास ती स्क्रूंनी जोडली, कारण बिघडलेला भाग काढून दुसरा बसवणे ही रेडिओवाल्याची दृष्टी. १९५४ मध्ये आलेली त्याची ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही आज जगातल्या असंख्य स्वस्त गिटारींचा नमुना आहे. तेव्हा भाग बदलणे हा या वाद्यावरचा अत्याचार नव्हे. ते त्याच्या जन्मातच आहे. आणि आपल्या तंबोऱ्याचे तरी काय? घोडी झिजली की जवारी नव्याने काढायची, तारा बदलायच्या, खुंटी सैल झाली की दुसरी घालायची. मिरजेच्या कारागिरांकडे असे तंबोरे दरसाल जातात आणि हा आजीचा तंबोरा नव्हे अशी शंका परत आणताना कोणाच्या मनात येत नाही. कोणी भोपळाच बदलला तर मात्र येईल. म्हणजे सगळे भाग आपल्याला सारखे वाटत नाहीत. कोठेतरी वस्तूचा जीव आहे अशी आपली धारणा असते.

प्लूटार्कने सांगितलेली थीसियसच्या जहाजाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. अथेन्सच्या लोकांनी ते तीस वल्ह्यांचे जहाज जपले. फळी कुजली की नवी बसवली. आणि ते तेच जहाज की वेगळे, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत राहिले. आपल्याकडे नागसेनाने मिलिंद राजाला हाच पेच रथाच्या दृष्टान्ताने घातला. आस म्हणजे रथ काय? चाके? जू? यांपैकी काहीच नव्हे आणि या सर्वांहून वेगळाही रथ नाही. तर ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव. राजा रथातून आला होता, म्हणून त्याला उत्तर देणे कठीण गेले. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांच्या समुदायाहून स्वतंत्र पदार्थ आहे. परंतु या मताची किंमत त्यांना द्यावी लागली. एक अवयव गेला तरी जुना अवयवी संपतो आणि दुसरा उत्पन्न होतो. कापलेले वस्त्र हे ‘खंडपट’ म्हणजे नवेच वस्त्र. या हिशेबाने वडिलांनी आणलेली गिटार पहिली खुंटी निघाली त्याच दिवशी नाहीशी झाली होती! तर्क निर्दोष असेल, पण फराळाच्या ताटावर तो कोणाला सांगता येणार?

खरी गुंतागुंत थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये दाखवली. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवीत गेला आणि त्याच क्रमाने त्यांचे जहाज बांधले. मग थीसियसचे जहाज कोणते? मी हा प्रश्न अनेक वर्षे निव्वळ बुद्धीची कसरत समजत आलो होतो. तो आमच्या गल्लीत घडला. या उन्हाळ्यात मुलाने एक कोरे खोड स्वस्तात मिळवले, खोक्यातले सगळे जुने भाग त्यावर चढवले आणि ती गिटार धाकट्या मावसभावाला दिली. आता गंमत अशी की, कंपनीचे नाव गिटारीच्या खोडावर नसते. ते दांडीच्या डोक्यावर असते. दांडी गेली तिकडे नावही गेले. म्हणजे वडिलांनी पावतीवर ज्या नावाची गिटार आणली ते नाव, त्या खुंट्या, ते पडदे, तो घरघरणारा आवाज हे सगळे आज मावसभावाकडे आहे. आणि मुलाकडे आहे एक खोड आणि त्यावर बिननावाची दांडी.

बिननावाची ही दांडी मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत कसोटीचा मुद्दा वाटतो. बाजारात प्रख्यात कंपन्यांच्या नावांच्या चिकटपट्ट्या मिळतात. मित्रांनी सुचवले, लाव एखादी, कोणाला कळते? तसे करणारे पुष्कळ आहेत. कोणी त्यात गंमत पाहतात, कोणी पुढे विकताना चार पैसे जास्त. मुलाने डोके कोरेच ठेवले. नाव बदलणे स्वतःच वाईट असते असे मी म्हणणार नाही. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीत तरफेच्या आणि चिकारीच्या तारांची भर घालून तिचा कायापालट केला आणि तिला ‘मोहनवीणा’ म्हटले. पण ते नाव बदल सांगणारे होते, बदल झाकणारे नव्हते. उसन्या नावाची पट्टी नेमके उलटे करते. ती कारखान्याची लबाडी असते तशीच मुलाच्या स्वतःच्या तीन वर्षांच्या श्रमांचीही चोरी असते, कारण तिच्याखाली ते श्रम दुसऱ्या कोणाचे तरी ठरतात.

त्याऐवजी त्याने एक निराळी गोष्ट केली होती, जी मला नंतर कळली. फेंडरच्या कारखान्यातले जुने कारागीर दांडीच्या बुडाशी, जोडात झाकल्या जाणाऱ्या जागी, पेन्सिलीने तारीख घालीत असत. तसे या मुलाने पिकअपखालच्या पोकळीत बारीक अक्षरांत प्रत्येक बदल तारीखवार लिहिला आहे. यादीची पहिली ओळ ‘बाबांनी आणली’ अशी आहे. मावसभावाच्या गिटारीतही, कोणता भाग कोठून आला, ते लिहून ठेवले आहे.

पुरीच्या नवकलेवरात, जसे २०१५ मध्ये झाले, देवांचे काष्ठविग्रह नवे घडवतात आणि जुन्यातला ब्रह्मपदार्थ नव्यात ठेवतात. सातत्य त्या एका न बदलणाऱ्या वस्तूने राखले जाते. वडिलांना गिटारीत असेच काहीतरी न बदललेले दाखवून हवे होते, असे प्रथम मला वाटले. नंतर वाटले की, त्यांचा प्रश्न वस्तूचा नव्हताच. जहाजाचे कोडे ‘ही तीच काय?’ असे विचारते. ते विचारीत होते, ‘मी दिलेले अजून मोजले जाते काय?’ हा द्रव्याचा प्रश्न नव्हे, ऋणाचा प्रश्न आहे. आणि ऋण लाकडात नसते. देणे ही एक घडलेली कृती आहे. ती स्क्रू काढून खोक्यात ठेवता येत नाही. मात्र ती विसरता येते. म्हणून सुधारणाऱ्यावर जुने द्रव्य राखण्याचे बंधन मी मानत नाही, हिशेब राखण्याचे मानतो. पोकळीतली ती पेन्सिलीची यादी म्हणजे ऋणाची कबुली आहे.

आपल्यासारख्या घराण्यांना हे समजायला जड जाऊ नये. दोन-अडीच शतकांपूर्वी घाटावरून किंवा कोकणातून निघून इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याला आलेल्या माणसांचे आज आपल्यात काय उरले आहे? पोषाख गेला, स्वयंपाकात पोहे-जिलबी एका ताटात आली, बोलण्यात ‘येऊन राहिलो आहे’ शिरले. पुण्याचे पाहुणे ऐकतात आणि हसतात. त्यांच्या दृष्टीने मूळ दांडी आणि तिच्यावरचे नाव त्यांच्याकडे आहे. असेलही. पण आपल्याकडे एकेक शब्द बदलला तो बोलता बोलता बदलला. भाषा खोक्यात भरून ठेवली आणि मग दुसरी काढली असा दिवस आला नाही. शेजारच्या मुलाची गिटारही तीन वर्षांत सलग दोन दिवस न वाजता राहिलेली नाही. त्या वाजत राहण्याला मी नावापेक्षा आणि लाकडापेक्षा अधिक मान देतो, जरी नैयायिक मला हसले तरी.

खर्चाचाही हिशेब सांगायला हवा. सहा हजारांच्या वाद्यावर मुलाने शिकवण्यांच्या कमाईतले सुमारे तेरा हजार घातले. तेवढ्यात सरळ बरी गिटार आली असती, आणि ही विकायला काढली तर तिचे सात-आठ हजारही येणार नाहीत, कारण बाजार श्रमांना नव्हे, नावाला पैसे देतो. कधीकधी मात्र बाजार स्वतःच गोंधळतो. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून स्वस्तात अनेक जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, काही मित्रांना वाटल्या आणि तिघींचे उत्तम भाग निवडून एक गिटार जुळवली. ‘ब्लॅकी’ नावाची ही त्रिखंडित गिटार २००४ मध्ये लिलावात ९,५९,५०० डॉलरना गेली. एडी व्हॅन हेलनने पन्नास डॉलरचे सदोष खोड आणि ऐंशी डॉलरची दांडी जोडून घरी केलेली गिटार तर पुढे एका अख्ख्या पिढीचा आदर्श ठरली. पण या कथांनी तरुणांची दिशाभूलही होते. तिकडे वाजवणारा आधी होता, गिटार नंतर आली. भाग बदलत राहणे हा रियाज टाळण्याचा सर्वांत सन्मान्य मार्ग आहे, आणि तो चोखाळणारे मी या शहरात बरेच पाहिले आहेत. नवे पिकअप आले की उद्यापासून बसू, असे त्यांचे चाललेले असते.

या मुलाला त्या वाटेवरून वळवले ते त्याच्या आजीच्या तंबोऱ्याने. एके संध्याकाळी तो तंबोऱ्याबरोबर यमनाचे आलाप गिटारीवर काढीत होता आणि गंधार लागेना. त्याने घोडी तपासली, खाचा तपासल्या, पडदे पुन्हा मोजले. सगळे बरोबर होते. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, आणि त्या विभागणीतला शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. हा त्या गिटारीचा दोष नव्हे. लाखाच्या गिटारीतही तो तेवढाच असतो. तार बोटाने ताणून भागत नाही, कारण ताणली की स्वर आणखी चढतो. आता तो तंबोऱ्यापाशी बसताना गंधाराची तार किंचित उतरवतो आणि उठताना पुन्हा चढवून ठेवतो.